मेदाचे हुंडेकरी

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर अंगास, गिरणेच्या खोऱ्यात वसलेले देवळा हे गाव १९९९ सालापर्यंत कळवण तालुक्यात मोडत होते आणि त्यानंतर स्वतंत्र तालुक्याच्या मानास पोहोचले. परंतु कचेरी कोठेही असली, तरी या मुलखाचा खरा कारभार चालतो तो बाजार समितीच्या आवारात. उमराण्याच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारला गेला, तोलाई झाली, हिशेबपट्टी हाती आली, म्हणजे शेतकऱ्याचे काम संपते आणि वाहतूकदाराचे सुरू होते. कांदा उत्तम पिकला म्हणून आपल्या पायांनी मुंबईस चालत जात नाही. त्यास बारदान लागते, गाडी लागते, माल पोहोचविण्याची हमी घेणारा हुंडेकरी लागतो, आणि कोणत्या पेढीवर माल उतरावयाचा याची चिठ्ठी लागते. मनुष्यदेहात मेदाची जी नित्य ने-आण चालते, तिची व्यवस्था याहून फारशी निराळी नाही, आणि तिचा शोध कसा लागला याचा इतिहास मात्र कोणत्याही मोहिमेच्या बखरीइतका वळणावळणाचा आहे.

स्निग्ध पदार्थ पाण्यात विरघळत नाही, हे कोणत्याही गृहिणीस सांगावयास नको. आणि रक्ताचा द्रवभाग तर नऊ दशांशांहून अधिक पाणीच आहे. तेव्हा आखाजीच्या सणाला खापरावरच्या मांड्यांवर सढळ हाताने वाढलेले तूप आतड्यांतून निघून स्नायूंपर्यंत, मेदसंचयापर्यंत आणि यकृतापर्यंत जाते तरी कसे, हा प्रश्न वाटतो तितका बालिश नाही. निसर्गाने त्यावर काढलेली तोड म्हणजे लिपोप्रोटीन अथवा मेदप्रथिन नावाचा सूक्ष्म गोलक. त्याच्या गाभ्यात ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलचे एस्टर हा जलद्वेष्टा माल भरलेला असतो. बाहेरून फॉस्फोलिपिडांचे एकपदरी बारदान असते, ज्याचा पाण्याशी सलोखा आहे. आणि त्या बारदानात गुंफलेले प्रथिन ही हुंडेकऱ्याच्या हातची चिठ्ठी, जी वाचून निरनिराळ्या ठिकाणच्या पेशी माल उतरवून घेतात किंवा नाकारतात. एवढे साधे सूत्र हाती यावयास सव्वातीनशे वर्षे लागली, आणि त्यांतील शेवटचे शतक तरी, माझ्या मते, मालाची मोजदाद करण्याच्या नादात वाहनाकडे कोणी पाहिले नाही म्हणून खर्ची पडले.

आरंभ १६२२ सालचा. त्या वर्षी २३ जुलै रोजी गास्पारे आसेल्ली या इटालियन शस्त्रवैद्याने मित्रांच्या आग्रहावरून एका जिवंत कुत्र्याचे उदर उघडले. हेतू निराळाच होता. त्यास काही मज्जातंतू आणि श्वासपटलाची हालचाल दाखवावयाची होती. परंतु कुत्रा नुकताच पोटभर जेवलेला होता, आणि आतडी बाजूस सारताच त्यांच्यावर व त्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यावर पांढऱ्या तंतूंचे दाट जाळे पसरलेले दिसले. आसेल्लीस प्रथम तेही मज्जातंतूच वाटले. मग त्यांतील एकास त्याने सुरीचे टोक लावले, आणि दुधासारखा शुभ्र द्रव भळकन बाहेर आला. दुसरा कुत्रा उपाशीपोटी तपासला, तेव्हा त्यात यांपैकी काहीच आढळले नाही. खाऊ घातलेल्या कुत्र्यात मात्र ते जाळे पुन्हा प्रकट झाले. रंगीत आकृत्यांनी सजविलेला आसेल्लीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६२७ साली प्रसिद्ध झाला. त्या पयोवाहिनी यकृताकडे जातात अशी त्याची समजूत होती. १६५१ साली झाँ पेके या फ्रेंच वैद्याने ती खोडून काढली आणि हा दुग्धवर्ण रस छातीतून वर चढणाऱ्या एका मोठ्या नलिकेने मानेजवळच्या शिरेत जाऊन मिळतो हे दाखविले. सांगण्याचा मुद्दा असा की, आहारातील मेद अन्य अन्नघटकांप्रमाणे थेट यकृताच्या दरबारी हजर न होता आडवाटेने रक्तात शिरतो, ही गोष्ट शिवछत्रपतींच्या काळातच युरोपात कळून चुकली होती. त्या रसात मेद तरंगतो कशाच्या आधाराने, हे विचारण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

त्यानंतरचा दीर्घ काळ रसायनशास्त्रज्ञांनी मालाची परीक्षा करण्यात घालविला. पित्ताशयातील खड्यांपासून मिळणाऱ्या एका मेणचट पदार्थास १८१५ च्या सुमारास शेव्रल याने नाव दिले. तेच आजचे कोलेस्टेरॉल. १९१० साली आडोल्फ विंडाउस या जर्मन रसायनज्ञाने रोगट महाधमनीच्या भिंती तपासून त्यांत निरोगी भिंतींपेक्षा कितीतरी पट अधिक कोलेस्टेरॉल साठलेले असते असे सिद्ध केले, आणि १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह व त्याचा सहकारी खालातोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळविलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना चारून त्यांच्या धमन्यांत मनुष्यासारखाच विकार उत्पन्न केला. प्रयोग निर्णायक होता. परंतु कुत्र्यांवर आणि उंदरांवर तसाच प्रयोग केला तेव्हा त्या प्राण्यांनी दाद दिली नाही, आणि तृणाहारी सशावरून मनुष्याचा निवाडा करू नये अशा आक्षेपाखाली ते सारे प्रकरण कित्येक वर्षे दप्तरबंद होऊन पडले. एकाच मालाने सशाचे वाटोळे व्हावे आणि उंदरास काहीच होऊ नये, याचे कारण मालात नसून वाहतुकीत असावे, हा तर्क आज आपणांस सहज सुचतो. तेव्हा तो सुचण्याजोगी सामग्रीच नव्हती.

वाहन प्रथम हाती लागले ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. मिशेल माशबफ या तरुण संशोधकाने १९२९ साली घोड्याच्या रक्तरसात अमोनियम सल्फेट घालून त्यातील काही प्रथिने खाली बसविली, उरलेल्या द्रवात आम्लाचे प्रमाण बेताने वाढविले, आणि जो साका मिळाला तो पुन्हा पाण्यात घोळला, तेव्हा द्रव स्वच्छ, पारदर्शक राहिला. आश्चर्य हे की त्या पारदर्शक द्रवात मेदाचा भरणा विपुल होता, आणि ही क्रिया कितीही वेळा केली तरी मेद आणि प्रथिन यांचे परस्परप्रमाण बदलत नव्हते. दोन पदार्थ योगायोगाने एकत्र आले असते तर असे झाले नसते. ही निश्चित घडणीची वस्तू होती. माशबफला मिळालेला अंश आज आपण ज्यांना उच्च घनतेची मेदप्रथिने, म्हणजेच एचडीएल, म्हणतो त्यांच्या जातीचा होता. पण त्याच्या संशोधनाची व्हावी तशी चर्चा झाली नाही, आणि पुढे दहा वर्षांत महायुद्ध पेटले.

युद्धाने एक हात दिला आणि एक अडविला. जखमी सैनिकांसाठी रक्तद्रवाचे घटक अलग करण्याच्या उद्योगात हार्वर्ड येथील एडविन कोन याच्या प्रयोगशाळेत मेदप्रथिनांचे दोन ठळक वर्ग दृष्टीस पडले. आणि १९४३ साली पॉल हान या अमेरिकन संशोधकाने कुत्र्यांना हेपरिन टोचले असता जेवणानंतरचा त्यांचा दुधाळ रक्तद्रव पाहता पाहता निवळतो, हे नोंदविले. केशवाहिन्यांच्या भिंतींशी बसून गोलकांतील ट्रायग्लिसराइड उतरवून घेणारे लिपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर त्या निरीक्षणाच्या मागे दडलेले होते. त्याची ओळख पटावयास आणखी एक तप जावे लागले.

खरे नाट्य घडले ते कॅलिफोर्नियातील बर्कली येथे, आणि त्याचा नायक जॉन गॉफमन हा मूळचा अणुरसायनशास्त्रज्ञ, ही गोष्ट मला नेहमीच मोठी सूचक वाटत आली आहे. युद्धकाळात तो प्लुटोनियम वेगळे काढण्याच्या गुप्त कामावर होता. मग वैद्यकाची पदवी घेऊन तो डॉनर प्रयोगशाळेत आला. त्याच्या हाताशी द्रुतगती अपकेंद्रित्र होते, ज्यात मिनिटाला पन्नास हजारांहून अधिक फेऱ्यांच्या वेगाने द्रव फिरवून त्यातील रेणू त्यांच्या जडपणाप्रमाणे तळाशी ओढता येतात. स्वीडनमधील उप्साला येथे स्वेडबेर्ग याने हे यंत्र प्रथम सिद्ध केले होते, आणि तेथील विद्वानांना मनुष्याच्या रक्तरसात एक विचित्र घटक दिसत असे. तो कधी अल्ब्युमिनच्या शेजारी प्रकट होई, कधी नाहीसा होई, आणि द्रवाची तीव्रता बदलली की आपले रूपही बदली. त्याचे काय करावे हे न कळून त्यांनी त्यास ‘एक्स’ प्रथिन म्हणून सोडून दिले होते. गॉफमन आणि त्याचा विद्यार्थी फ्रँक लिंडग्रेन यांनी या कोड्याचा असा उलगडा केला की, हा घटक मेदामुळे इतका हलका आहे की सभोवतालच्या द्रवाची घनता यत्किंचित बदलली तरी तो बुडावे की तरंगावे अशा द्विधेत सापडतो, आणि पडद्यावरची ती चंचल आकृती त्या द्विधेचीच सावली आहे.

उपाय इतका सोपा होता की तो आधी कोणास सुचला नाही याचे नवल वाटावे. त्यांनी रक्तरसात मीठ घातले. मिठाने द्रवाची घनता १.०६३ पर्यंत चढली, म्हणजे बहुतेक प्रथिनांहून कमी पण मेदाने लादलेल्या गोलकांहून अधिक. आणि यंत्र फिरू लागताच बाकीची प्रथिने रीतीप्रमाणे तळाशी निघाली, हे गोलक मात्र उलट दिशेने वर येऊ लागले. आजवर सर्वांनी बुडणाऱ्यांची शिरगणती केली होती. गॉफमनने तरंगणाऱ्यांची केली. किती वेगाने वर येतात यावरून त्यांच्या श्रेणी ठरल्या, आणि १९४९ साली ते संशोधन प्रसिद्ध झाल्यावर पुढच्याच वर्षी ‘सायन्स’ नियतकालिकात त्याने असे प्रतिपादन केले की, दोन माणसांच्या रक्तात कोलेस्टेरॉलचा आकडा एकच असला तरी तो कोणत्या गोलकांतून वाहिला जात आहे यावर हृदयविकाराचा धोका अवलंबून राहतो. या विषयाच्या साऱ्या इतिहासात इतके मोलाचे दुसरे वाक्य नाही, असे माझे मत आहे.

परंतु नव्या सत्याचा दरबारी स्वागतसमारंभ क्वचितच होतो. अमेरिकेच्या आरोग्यखात्याने चार प्रयोगशाळांना एकत्र करून सुमारे पाच हजार पुरुषांची तपासणी करविली आणि १९५६ साली निकाल दिला: मेदप्रथिनांचे हे महागडे, किचकट मापन साध्या कोलेस्टेरॉलच्या आकड्याहून काही अधिक सांगत नाही. तीन प्रयोगशाळा एका बाजूस, गॉफमनची एकटी दुसऱ्या बाजूस. एकाच अहवालात बहुमत आणि भिन्नमत अशी दोन प्रकरणे छापली गेली. निकाल व्यवहाराच्या दृष्टीने खोटा म्हणता येत नाही, कारण तसले यंत्र गावोगावी कोण बसविणार? पण त्यामुळे डॉक्टरवर्ग पुन्हा मालाच्या मोजदादीकडे वळला, आणि हृद्रोग्यांच्या रक्तात उच्च घनतेचे गोलक कमी असतात हे न्यूयॉर्कच्या डेव्हिड बार याने १९५१ सालीच दाखविले होते, तेही पाव शतकभर अडगळीत पडून राहिले. गॉफमन स्वतः पुढे किरणोत्साराच्या धोक्यांविरुद्ध सरकारशी भांडण्यात गुंतला.

या अडगळीची किंमत कोणी मोजली, हे पाहावयाचे तर आता मुंबईस यावे लागेल.

शिवडी येथे १९३२ साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ साली तिचा ‘डालडा’ बाजारात आला. निकेलच्या सान्निध्यात तेलामधून हायड्रोजन वायू सोडला असता पातळ तेल थिजून तुपासारखे रवाळ बनते, ही जर्मनीतील नॉर्मान याची शतकारंभीची युक्ती. साजूक तुपाचा भाव न परवडणाऱ्या हिंदी मध्यमवर्गास ती वरदानासारखी वाटली यात नवल नाही. कंपनीने जाहिरातीची कमाल केली: डब्याच्याच आकाराची गोल मोटारगाडी रस्त्यांतून हिंडविली, ठिकठिकाणी तळण्याची प्रात्यक्षिके मांडली. पिवळ्या रंगावर हिरव्या ताडाचे झाड असलेला तो डबा मुंबईपासून बागलाणापर्यंत घराघरांत जाऊन बसला, आणि आतला माल संपल्यावर कोठे दळण, कोठे तुळस, कोठे विसणाचे पाणी अशा नानाविध सेवा करीत राहिला. गिरणेच्या काठी भुईमूग पिकविणाऱ्या आणि घाण्यावरचे तेल खाणाऱ्या कुटुंबातही लग्नकार्याच्या बुंदीसाठी हा डबा येऊ लागला, कारण त्यात तळलेला जिन्नस टिकतो आणि दिसतोही तकतकीत.

विरोध झाला नाही असे नाही. महात्मा गांधींनी वनस्पती तुपाविरुद्ध लेखणी चालविली; १९५० च्या सुमारास पंडित ठाकुरदास भार्गव यांनी त्यावर बंदी घालणारे विधेयक संसदेत आणले. पण तक्रारीचा रोख मुख्यतः भेसळीवर होता: खऱ्या तुपात हा माल बेमालूम मिसळतो, ग्राहक नाडला जातो, गोपालन बुडते. म्हणून सरकारने तोडगाही भेसळीपुरताच काढला. प्रत्येक डब्यात तिळाचे तेल शेकडा पाच या प्रमाणात घालण्याची सक्ती झाली, जेणेकरून तुपाच्या नमुन्यावर विशिष्ट आम्ल-परीक्षा केली असता तांबूस रंग उमटावा आणि लबाडी उघडी पडावी. आरोग्याचा प्रश्न उंदरांवर सोपविण्यात आला. उंदरांना वनस्पती चारले, त्यांची वजने घेतली, वाढ बरी दिसली, आणि अपाय नाही असा निर्वाळा मिळाला. आता ज्या प्राण्याच्या रक्तात कोलेस्टेरॉलचा बहुतेक भार मुळातच उच्च घनतेच्या गोलकांवर असतो, आणि जो अनिच्कोव्हच्या प्रयोगासही बधला नव्हता, त्याची या खटल्यात साक्ष काढणे म्हणजे न्यायाची थट्टाच होती. पण १९५० साली हे कोणास ठाऊक होते? प्रयोग करणारे प्रामाणिक होते, त्यांच्या हाती तराजू होता, आणि तराजूवर गोलकांच्या जाती कळत नाहीत.

दरम्यान परदेशात वाहतुकीचा नकाशा हळूहळू पुरा होत होता. १९५५ साली रिचर्ड हॅवेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी द्रवाची घनता पायरीपायरीने वाढवून हे गोलक थरांनी अलग करण्याची पद्धत बसविली, आणि १९६७ साली डोनाल्ड फ्रेडरिक्सन, रॉबर्ट लेव्ही व रॉबर्ट लीज यांनी कागदावर विजेच्या साहाय्याने ते वेगळे करून मेदविकारांचे पाच प्रकार लावून दिले. त्या नकाशावरून आखाजीच्या तुपाचा प्रवास असा दिसतो. जेवणानंतर दोन-तीन तासांत आतड्यांच्या पेशी तुपातील मेद पुन्हा बांधून कायलोमायक्रॉन नावाच्या सर्वांत अवजड गोलकांत भरतात. आसेल्लीने पाहिलेला शुभ्र रस तो हाच. त्या वेळी काढलेले रक्त गोठवून वरचा रस परीक्षानळीत थंड जागी रात्रभर ठेवला, तर सकाळी त्यावर सायीचा थर धरलेला नुसत्या डोळ्यांना दिसतो. हे गोलक मानेजवळ रक्तात शिरतात, स्नायू आणि मेदपेशी वाटेत त्यांतील ट्रायग्लिसराइड उतरवून घेतात, आणि रिकामे होत आलेले बारदान यकृत जमा करून घेते. यकृत आपला स्वतःचा माल, अन्नातील पिष्टमय पदार्थांपासून घडविलेला मेदही त्यात आला, अतिनिम्न घनतेच्या गोलकांत भरून पाठविते. त्यांतील ट्रायग्लिसराइड वाटेत उतरत जाते, गोलक आक्रसत जातो, आणि शेवटी उरतो तो कोलेस्टेरॉलने गच्च भरलेला निम्न घनतेचा गोलक, एलडीएल. मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढा त्याचा व्यास, गाभ्यात कोलेस्टेरॉल एस्टरचे दीड हजार रेणू, आणि त्यावर अपोबी-१०० या प्रथिनाचा एकच प्रचंड रेणू. दोन-तीन दिवस तो रक्तात हिंडतो. उच्च घनतेचे गोलक पेशींतून उरलेसुरले कोलेस्टेरॉल गोळा करून परतीच्या वाटेने यकृताकडे धाडतात.

एलडीएलची चिठ्ठी वाचतो कोण, याचे उत्तर डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७४ साली दिले. ज्यांना बालपणीच हृदयविकार जडतो अशा मुलांच्या त्वचेतील पेशी काचपात्रात वाढवून त्यांनी दाखविले की, निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएलला धरून आत ओढणारा एक ग्राही असतो, आणि या दुर्दैवी मुलांच्या पेशींत तो नसतो अथवा निकामी असतो. माल दारात येतो, पण उतरवून घेणारे कोणी नाही. मग गोलक रक्तात साचतात आणि धमनीच्या भिंतीत शिरून तेथेच मुक्काम ठोकतात. १९८५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जपानच्या अकिरा एन्डो याने बुरशीपासून मिळविलेले औषध यकृताची कोलेस्टेरॉल-निर्मिती रोखते व परिणामी हे ग्राही वाढविते, हेही याच सुमारास उमगले. आजच्या स्टॅटिन गोळ्यांचे ते मूळ.

आपल्याकडे याच काळात झालेल्या एका कामाचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही, जरी त्याचा निष्कर्ष मला पूर्णपणे मान्य नसला तरी. पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी मुंबईत बसून देशभरातील अकरा लाखांहून अधिक रेल्वे नोकरांची १९५८ ते १९६२ या पाच वर्षांची मृत्युनोंद तपासली आणि १९६७ साली ती ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडली. हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण दक्षिणेत उत्तरेच्या सुमारे सातपट निघाले, आणि तेही उत्तरेचे नोकर कित्येक पटींनी अधिक तूप-दूध खात असता व अधिक धूम्रपान करीत असता. मल्होत्रांनी त्याचे श्रेय दुधातील आखूड साखळीच्या मेदाम्लांस दिले आणि बियांच्या तेलांस दोष दिला. रेल्वेच्या दप्तरातून एवढा प्रचंड ऐवज उपसून काढण्याची कल्पकता असामान्यच म्हटली पाहिजे. परंतु मृत्यूच्या दाखल्यावर निदान कोणत्या गावी किती कसोशीने लिहिले जाते यात तफावत असणारच, आणि गोलकांची वर्गवारी हाती नसताना केवळ आहार व मृत्यू यांची सांगड घालणे धोक्याचे. तरीही ‘तूप वाईट, तेल चांगले’ या पाश्चात्त्य सूत्रास आपल्या देशातील आकड्यांनी १९६७ सालीच हरकत घेतली होती, ही नोंद राहिली पाहिजे.

त्याच्या आदल्या वर्षी काशी हिंदु विश्वविद्यालयात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुताने केलेले मेदोरोगाचे वर्णन प्रमाण मानून सशांना गुग्गुळ देऊन पाहिला आणि कोलेस्टेरॉल उतरल्याचे दाखविले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्याचा अर्क सिद्ध झाला व मुंबईच्या सिप्ला कंपनीने तो विक्रीस आणला. पुढे २००३ साली अमेरिकेत पद्धतशीर चाचणी झाली, तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी किंचित वाढले. अभिमानाच्या गोष्टींनाही मापाची कसोटी लागतेच.

आणि आता पुन्हा शिवडीच्या डब्याकडे. १९९० साली रोनाल्ड मेन्सिंक आणि मार्टिन काटान या डच संशोधकांनी ५९ निरोगी स्त्रीपुरुषांना तीन-तीन आठवडे निरनिराळ्या मेदांचा आहार दिला. हायड्रोजन देताना तेलात जी ट्रान्स मेदाम्ले निर्माण होतात, त्यांनी एलडीएल वाढविले आणि त्याच वेळी एचडीएल घटविले. घृतासारख्या संपृक्त मेदाने एलडीएल वाढते, पण एचडीएल घटत नाही. हा दुहेरी घाव ट्रान्स मेदाचाच. ध्यानात घेण्याची बाब अशी की, नुसते एकूण कोलेस्टेरॉल मोजले असते तर एकीकडची वाढ दुसरीकडच्या घटीत काही अंशी जिरून गेली असती आणि अपराध्याचा गुन्हा सौम्य भासला असता. वाहने वेगळी मोजली म्हणूनच तो पुरता शाबीत झाला. आपल्या देशात या मेदाची मर्यादा २०२१ साली शेकडा तीन आणि २०२२ साली शेकडा दोन अशी ठरविण्यात आली. म्हणजे डालड्याच्या जन्मानंतर पंच्याऐंशी वर्षांनी.

शेवटचा अध्याय पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात लिहिला गेला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा १९९३ पासून अभ्यास केला. त्यांची अर्भके सरासरी पावणेतीन किलोंच्या आत भरली, तर इंग्लंडमधील अर्भके साडेतीन किलोंची; तरीही आपल्या बाळांची स्नायूंची वाण मोठी आणि मेद मात्र जवळजवळ अबाधित होता. हाच बाळ मोठा होऊन अंगाने सडपातळ पण पोटाशी मेद राखून असलेला गृहस्थ होतो; तो मेद यकृताकडे सतत मेदाम्ले धाडतो, यकृत ती ट्रायग्लिसराइडच्या रूपाने अतिनिम्न घनतेच्या गोलकांत भरून रक्तात सोडीत राहते, आणि त्यांच्या गर्दीत एचडीएल खालावते. आपल्याकडील रक्ततपासण्यांत वारंवार आढळणारे चित्र हेच.

म्हणून देवळ्याच्या अथवा अन्य कोणत्याही तालुक्याच्या गावी रक्त तपासून घेणाऱ्या वाचकास एक विनंती करावीशी वाटते. अहवालावर छापलेला एलडीएलचा आकडा बहुधा मोजलेला नसतो. १९७२ साली फ्रीडवाल्ड, लेव्ही व फ्रेडरिक्सन यांनी दिलेल्या सूत्राने, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा एकपंचमांश वजा करून, तो काढलेला असतो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र निकामी ठरते, आणि त्याखालीही ते जसजसे चढते तसतसा आकडा कच्चा होत जातो. आपल्या लोकांत ते चढलेले असण्याचाच संभव अधिक. तेव्हा एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल तेवढे वजा करावे. जी बाकी उरते तिच्यात धमनीस अपाय करणाऱ्या साऱ्या गोलकांतील कोलेस्टेरॉल येऊन जाते. डॉक्टरांना ती बाकी अवश्य विचारावी. तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही, आणि तिचे वेगळे पैसेही पडत नाहीत.